टाकीतील इंधन पंप घरी बदलणे

टाकीतील इंधन पंप घरी बदलणे : पेट्रोलच्या इंजेक्शनवाल्या गाडीच्या टाकीत बुडवून बसवलेला विजेवरचा पंप काढून तिथे नवा पंप मालकाने स्वतः बसवण्याचे काम. ‘पेट्रोल पंप’ म्हटले की मराठी माणसाला रस्त्याकडेचा पेट्रोल भरण्याचा पंप आठवतो, म्हणून मिस्त्री याला ‘फ्युएल पंप’ किंवा नुसते ‘टाकीची मोटर’ म्हणतात. विदर्भातल्या शेतकऱ्याला हे दुसरे नाव फोडून सांगावे लागत नाही, कारण बोअरमधल्या सबमर्सिबलची ही धाकटी बहीणच. तीही बुडूनच काम करते आणि कोरडी चालली की तशीच जळते.

कार्बुरेटरच्या मोटरसायकलला पंप नव्हता. टाकी वर, कार्बुरेटर खाली, पेट्रोल आपोआप उतरायचे, आणि ते संपत आले की कॉक रिझर्व्हवर फिरवला जायचा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 ची, म्हणजे गाडीच्या धुरावरच्या कडक मर्यादांची, अट आली आणि दुचाक्याही जवळपास सगळ्या इंजेक्शनवर गेल्या. इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरला ते दाबाने लागते. हा दाब साधारण 3 बार, म्हणजे 43 पीएसआय असतो. मोटरसायकलच्या मागच्या चाकातसुद्धा एवढी हवा भरत नाहीत. कॉक गेला, रिझर्व्ह गेले, पण रिझर्व्हवर गाडी हाकायची सवय तेवढी राहिली.

पंप लवकर मरतो तो बहुधा या सवयीने. आतल्या मोटरला थंड ठेवणारे आणि वंगण पुरवणारे दुसरे काही नसते, भोवतीचे पेट्रोलच ती दोन्ही कामे करते. शंभराचे पेट्रोल टाकायचे, काटा लाल पट्टीत असतानाच तालुक्याला जाऊन यायचे, आणि तेही नवतपात, म्हणजे उन्हाळ्याच्या सर्वात तापत्या नऊ दिवसांत, जेव्हा अकोला-चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांपुढे असतो. विहिरीच्या मोटरला पाणी संपताच ती बंद करणारा ड्राय-रन कटआउट बसवणारा माणूस गाडीच्या मोटरला मात्र रोज कोरडी पळवतो. पावसाळ्यात वेगळे दुखणे. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते ओलावा ओढून घेते. पाणी फार झाले की इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते, आणि पंपाचे तोंड तळाशीच असते. दुकानातून डबकीने आणलेल्या सुट्या पेट्रोलातला कचरा पंपाच्या तोंडावरच्या जाळीत अडकतो तो निराळा.

‘सेल्फ तं मारते, पण गाडी पकडत नाई’ ही तक्रार ऐकली की लगेच पंपावर ठपका ठेवू नये. किल्ली लावून कान टाकीला लावावा. धड पंप दोन-तीन सेकंद बारीक ‘गूं’ करतो आणि थांबतो. आवाज नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाला वीज सोडणारा स्विच), मग टाकीखालच्या कपलरवर (वायरींच्या जोडावर) किल्ली लावताच त्या दोन-तीन सेकंदांत 12 व्होल्ट येतात का, ते टेस्ट लॅम्पने पाहावे. घरात कापूस भरलेला असतो तिथे उंदरांची वस्ती ठरलेली, आणि त्यांनी कुरतडलेल्या वायरीपायी चांगले पंप भंगारात गेले आहेत. टाकीवर बुक्की मारल्यावर गाडी सुरू झाली तर आतली मोटर झिजलेली समजावी. हा इलाज गावापर्यंत पोचवतो, पुढची हमी नाही. आवाज आहे पण गाडी चढावर दम टाकते, असे असेल तर जाळी तुंबलेली असू शकते, आणि काही गाड्यांत ती एकटीही बदलता येते.

पेट्रोलमध्ये ठिणग्या पडणारी मोटर चालते तरी स्फोट कसा होत नाही, हा प्रश्न रास्त आहे. पेट्रोलची वाफ हवेत साधारण 1.4 ते 7.6 टक्के असेल तरच पेटते. बंद टाकीत वाफ त्याहून कितीतरी दाट असते. टाकी उघडली, वाफ अंगणात पातळ झाली, की हे संरक्षण संपते. ही वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड असल्याने जमिनीलगत सरकत जाते आणि दहा पावलांवरच्या चुलीपर्यंत पोचू शकते. म्हणून काम पहाटे, उघड्या अंगणात, चूल पेटण्याआधी. वसरीत किंवा कोठ्यात नाही, आणि बिडीवाल्या पाहुण्याला आधीच चहा पाजून वाटेला लावावे. काढलेला पंप बॅटरीला वायर लावून बाहेर ‘चालवून पाहणे’ हा तर शुद्ध वेडेपणा.

गाडी चालू होत असेल तर पंपाचा फ्यूज काढून ती आपोआप बंद पडेपर्यंत चालवावी, म्हणजे नळीतला दाब उतरतो. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडावी. बऱ्याच कारमध्ये मागच्या सीटखाली झाकण असते, काहींत टाकीच उतरवावी लागते, आणि ते घरचे काम नव्हे. झाकणाभोवतीची धूळ आधी फडक्याने पुसावी, नाहीतर ती टाकीतच पडते. पंप जागेवर धरणारी लॉक रिंग सैल करायला छिन्नी-हातोडी वापरू नये, ठिणगी उडते. बाभळीच्या लाकडाची खुंटी ठोकून ती फिरते. मोटरसायकलमध्ये बहुधा पंप टाकीच्या बुडाला असतो. पेट्रोल उपसून टाकी काढायची, बारदानावर उलटी ठेवायची आणि बोल्ट समोरासमोरचे थोडेथोडे सैल करत जायचे. नळीच्या टोकाची प्लास्टिक क्लिप पक्कडीने ओढली की तुटते. ती बोटाने दाबून निघते, फक्त घाई नको.

पंप आणि टाकीमधली रबरी रिंग प्रत्येक वेळी नवीच घालावी. जुनी पेट्रोलने फुगलेली असते, खाचेत परत बसत नाही. गळतीवर साधे सिलिकॉन फासले तर पेट्रोल ते मऊ करते आणि त्याचे तुकडे जाळीत जातात. बॅटरी जोडल्यावर गाडी मारण्याआधी तीन-चार वेळा नुसती किल्ली चालू-बंद करून जोडावर कोरडे बोट फिरवावे.

पंप आत सोडताना फ्लोटची (काट्याला पेट्रोलची पातळी कळवणाऱ्या तरंगत्या गोळ्याची) बारीक दांडी टाकीच्या काठाला अडकून वाकते, आणि हे घरच्या कामात फार होते. गाडी झकास चालते, पण काटा अर्धी टाकी दाखवत असतानाच मेळघाटच्या एखाद्या वळणावर पेट्रोल संपते आणि नवा पंप कोरडा चालतो.