ह्वांगशान शहर आणि ह्वीचौचे सहा तालुके : पार्श्वभूमी

चीनच्या आंह्वी प्रांतात दक्षिण टोकाला असलेल्या 'ह्वांगशान' रेल्वे स्थानकावर उतरलेला प्रवासी ह्वांगशान पर्वताच्या पायथ्याशी पोहोचलेला नसतो. तो थुनशी नावाच्या नदीकाठच्या जुन्या बाजारपेठेत उतरतो, आणि तिथून पर्वताच्या दक्षिण पायथ्याचे थांगखौ गाव गाठायला त्याला आणखी साठएक किलोमीटरचा रस्ता पार करावा लागतो. २०१५ मध्ये अतिवेगवान रेल्वे आली, तेव्हा 'ह्वांगशान उत्तर' हे नवे स्थानक झाले, पण तेही पायथ्याला नाही. 'ह्वांगशान विभाग' असे नाव नकाशावर पाहून कोणी तिकडे निघालाच, तर तो पर्वताच्या पलीकडच्या, उत्तरेकडच्या बाजूला जाऊन पोहोचतो. एकच नाव पर्वताला, पर्वतावरच्या संरक्षित क्षेत्राला, दहा हजार चौरस किलोमीटरपेक्षा थोड्या कमी पसरलेल्या 'शहरा'ला आणि त्या शहराच्या एका विभागाला दिलेले आहे. हा गोंधळ १९८७ मधल्या एका निर्णयातून जन्मला आणि अजून निस्तरलेला नाही.

मुळात 'शहर' हा शब्दच इथे फसवा आहे. चिनी प्रशासनातील जिल्हास्तरीय 'शी' या शब्दाचे भाषांतर शहर असे केले जाते, परंतु प्रत्यक्षात तो आपल्या जिल्ह्याएवढा मुलूख असतो. त्यात खेडी, चहाचे मळे, जंगल आणि डोंगर यांचेच क्षेत्र जास्त असते आणि खरी नागरी वस्ती एखाददुसऱ्या कोपऱ्यात असते. ह्वांगशान शहरात तीन विभाग आणि चार तालुके येतात. थुनशी, ह्वांगशान आणि ह्वीचौ हे विभाग, तर शे, श्यौनिंग, यी आणि छीमन हे तालुके. २०२० च्या जनगणनेत या सगळ्यांची मिळून लोकसंख्या १३ लाखांच्या थोडी वर भरली. त्यामुळे 'ह्वांगशान शहराला या मुलखाचे जुने नाव ह्वीचौ परत द्या' अशी मागणी होते, तेव्हा ती एखाद्या गावाच्या पाटीबद्दल नसते. एका संपूर्ण प्रदेशाची ओळख काय असावी, हा तिचा विषय असतो.

हा प्रदेश घडवला तो नदीने. पश्चिमेकडून येणारी श्वायश्वै आणि उत्तरेकडून येणारी हंगच्यांग यांचा थुनशीजवळ संगम होतो आणि पुढे तो प्रवाह शिनआन नदी म्हणून पूर्वेला चच्यांग प्रांतात शिरतो. १९५९ मध्ये बांधलेल्या धरणामुळे तिथे 'हजार बेटांचे सरोवर' तयार झाले आहे, आणि त्यापलीकडे हेच पाणी हांगचौवरून समुद्राला मिळते. सात भाग डोंगर, एक भाग पाणी, एक भाग शेत आणि उरलेल्या एका भागात रस्ते व घरेदारे, असे या मुलखाचे वर्णन तिथल्या म्हणीत आहे. शेतीवर पोट भरणे शक्य नव्हते, म्हणून माणसे नदीच्या वाटेने बाहेर पडली. पूर्वजन्मी पुण्य केले नाही म्हणून ह्वीचौत जन्म आला आणि तेराव्या-चौदाव्या वर्षी घराबाहेर लोटले गेलो, अशा अर्थाचे लोकगीत आजही तिथे सांगितले जाते. याच बाहेर पडलेल्या मुलांनी पुढे मीठ, लाकूड, चहा आणि सावकारी या धंद्यांत मिंग आणि छिंग काळात देशभर जम बसवला. आज ज्या पांढऱ्या भिंतींच्या आणि काळ्या कौलांच्या घरांसाठी, पूर्वजांच्या मंदिरांसाठी आणि दगडी कमानींसाठी पर्यटक येतात, ती सगळी त्या पैशांतून उभी राहिली.

मात्र सगळेच पाणी पूर्वेला जात नाही, आणि पुढच्या वादांत हा मुद्दा बहुतेक वेळा विसरला जातो. छीमनचे आणि वूयुआनचे पाणी पश्चिमेकडे, च्यांगशी प्रांतातल्या पोयांग सरोवराकडे वाहते. छीमनच्या खाणींतला चिनीमातीचा दगड होड्यांतून खाली चिंगदचनच्या भट्ट्यांकडे जात असे. ह्वांगशान पर्वत स्वतः जलविभाजक आहे. त्याच्या दक्षिण उतारावरचे पाणी शिनआनला मिळते, तर उत्तरेकडचे, म्हणजे जुन्या थायपिंग तालुक्याचे, यांगत्सीला. छिंग राजवटीपर्यंत थायपिंग ह्वीचौत नव्हताच. पर्वताचा डोंगरभाग शे, श्यौनिंग, यी आणि थायपिंग या चार तालुक्यांत विभागलेला होता आणि त्याच्या माथ्यावरून जिल्ह्याची सीमा जात होती. सर्वांत उंच शिखर, म्हणजे १,८६४ मीटरचे कमळशिखर, हे दोन मुलखांमधले कुंपण होते, कुठल्याही एकाचे केंद्र नव्हते.

दूरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. यी आणि शे हे तालुके छिन राजवटीपासूनचे आहेत. ५८९ मध्ये स्वै राजवटीने येथे शे-चौ हा जिल्हा केला आणि थांग काळात ७७० पर्यंत शे, श्यौनिंग, वूयुआन, छीमन, यी आणि चीशी अशी सहा तालुक्यांची घडी बसली. ११२१ मध्ये एक मोठे शेतकरी बंड मोडून काढल्यानंतर सोंग दरबाराने जिल्ह्याचे नाव बदलून ह्वीचौ केले. 'ह्वी' का, याची उत्तरे तीन दिली जातात. त्या अक्षराचा अर्थ 'सुंदर' असा होतो. त्याचा दुसरा अर्थ 'बांधण्याचा दोर' असाही होतो, आणि बंडखोर प्रजेला बांधून ठेवण्याची इच्छा दरबाराने त्यात व्यक्त केली, असे काहींचे म्हणणे आहे. तिसरे उत्तर साधे आहे आणि मला तेच पटते, कारण जागांची नावे बहुधा जवळच्याच जागांवरून पडतात : चीशी तालुक्यात ह्वी नावाची डोंगररांग आहे आणि त्याच नावाचा ओढाही आहे. नाव कुठूनही आले असो, ते टिकले. १६६७ मध्ये नवा प्रांत झाला, तेव्हा आनछिंगमधला 'आन' आणि ह्वीचौमधला 'ह्वी' घेऊन आंह्वी हे नाव तयार झाले. सहा तालुक्यांची ती घडी, १९१२ मध्ये जिल्ह्याची जुनी रचना रद्द होईपर्यंत, अकराशेहून अधिक वर्षे मोडली नव्हती.

ती प्रथम मोडली ती लष्करी कारणासाठी. १९३४ मध्ये च्यांगशीतील साम्यवाद्यांविरुद्धची मोहीम सोयीची व्हावी म्हणून नानचिंगच्या राष्ट्रवादी सरकारने वूयुआन तालुका आंह्वीतून काढून च्यांगशीला जोडला. पाणी पश्चिमेला वाहते हा युक्तिवाद तेव्हाही करता आला असता आणि तो खोटा नव्हता, परंतु निर्णय पाण्यासाठी झालेला नव्हता आणि वूयुआनच्या लोकांना ते पक्के ठाऊक होते. त्यांची पेढ्या-दुकाने, सोयरिकी, वंशावळी आणि बोली या सगळ्यांचा ओढा पूर्वेला होता. जपानविरुद्धचे युद्ध संपल्यावर 'स्त्री-पुरुष, पोरेबाळे, सर्वांना आंह्वीत परत जायचे आहे' अशा घोषणा देत लोकांनी चळवळ केली आणि १९४७ मध्ये वूयुआन परत आला. दोन वर्षांनी साम्यवाद्यांची सत्ता आली, १९४९ मध्ये तो पुन्हा च्यांगशीकडे गेला आणि आज तो तिथल्या शांगराओ शहराखाली आहे. ज्या चू शी या विचारवंताचे ग्रंथ चीनच्या सरकारी नोकरीच्या परीक्षांसाठी शतकानुशतके पाठ केले गेले, त्याचे मूळ गाव वूयुआन, आणि ह्वीचौच्या प्रत्येक वंशमंदिरात ज्याच्या आचारनियमांचा मान होता तोही तोच. म्हणून हा तालुका जाणे म्हणजे सहातला एक कमी होणे एवढ्यापुरते नव्हते.

या तोडातोडीचा अर्थ एका वस्तूत नीट दिसतो. शाई उगाळण्यासाठी चिनी सुलेखनकार जी दगडी पाटी वापरतात, तिच्या नामांकित प्रकारांपैकी एकाचे नाव 'शे पाटी'. काळसर, गुळगुळीत दगड, त्यात कधी सोनेरी ठिपके, तर कधी भुवईसारख्या बारीक रेषा. नाव शे तालुक्याचे, पण त्याचा उत्तम दगड निघतो वूयुआनमधल्या 'ड्रॅगनची शेपूट' या डोंगरातून. त्यावर उगाळायची 'ह्वी शाई' शे आणि चीशीत बनत आली. आज पाटीचा दगड च्यांगशी प्रांतात आहे, शाईच्या परंपरेचा एक भाग, चीशीबरोबर, शेजारच्या श्वानछंग शहरात, आणि दोहोंना ज्यांची नावे मिळाली त्यांतला एक तालुका उरला आहे, तर दुसरा जिल्हा उरलेलाच नाही. तो का उरला नाही, याचे उत्तर १९४९ नंतरच्या तीन-चार दशकांत शोधावे लागते.

१९४९ नंतर ह्वीचौचे कामकाज शे गावातून न चालता थुनशीतून चालू लागले आणि जिल्ह्याच्या हद्दीही पुढे वारंवार बदलल्या. खरे वळण १९७९ चे आहे. त्या वर्षी जुलैमध्ये देशाचे सर्वांत वरिष्ठ नेते डेंग श्याओपिंग, वयाच्या ७५ व्या वर्षी, पायी ह्वांगशान चढले आणि पर्यटनासाठी या पर्वताचे नाव जगभर गाजवायला हवे, असे त्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांना सांगितले. १९८३ च्या अखेरीस थायपिंग तालुका रद्द करून, शेजारच्या तालुक्यांतला थोडा भाग जोडून तालुकास्तरीय 'ह्वांगशान शहर' स्थापन झाले. तोवर हेतू समजण्यासारखा होता : पर्वत आणि त्याच्या पायथ्याची गावे एका हाताखाली यावीत. पण पर्वत एकीकडे, दक्षिणेचा जिल्हा दुसरीकडे आणि विमानतळ व रेल्वे थुनशीला, अशी तीन तोंडे तीन दिशांना राहिली.

नोव्हेंबर १९८७ मध्ये केंद्राने यावर तोडगा मंजूर केला. ह्वीचौ जिल्हा, थुनशी शहर आणि ते तालुकास्तरीय ह्वांगशान शहर ही तिन्ही रद्द झाली आणि त्यांच्या जागी थुनशी हे केंद्र असलेले जिल्हास्तरीय ह्वांगशान शहर आले. जुने थायपिंग आता 'ह्वांगशान विभाग' ठरले. चीशी आणि चिंगद हे तालुके श्वानछंगकडे दिले गेले. शे तालुक्यातून यानस गावाभोवतीचा भाग कापून त्याला 'ह्वीचौ विभाग' हे नाव दिले गेले.

या शेवटच्या वाक्यावर थोडे थांबायला हवे. ह्वीचौ हे नाव पूर्णपणे पुसले गेले, असे म्हणता येऊ नये एवढ्यासाठीच ते एका लहानशा विभागाला दिल्यासारखे दिसते. पण जुन्या ह्वीचौचे मुख्य ठाणे, त्याची तटबंदी, १५८४ मध्ये उभारलेली आठ खांबांची दगडी कमान, हे सगळे शे तालुक्यात आहे, 'ह्वीचौ विभागा'त नाही. ज्या चीशीत ह्वी डोंगर आहे, तोच तालुका त्या दिवशी बाहेर काढला गेला. म्हणजे जुन्या सहांपैकी चारच तालुके उरले, जो जुन्या ह्वीचौत कधी नव्हता तो थायपिंग त्यांना येऊन मिळाला आणि या सगळ्यावर अशा पर्वताचे नाव लागले, जो या मुलखाच्या कडेला उभा आहे. पर्यटनाच्या हिशेबाने निर्णय चुकला, असे म्हणता येत नाही. १९९० मध्ये ह्वांगशान जागतिक वारसा यादीत गेला, आणि २००० मध्ये यी तालुक्यातील शीदी व होंगत्सुन ही खेडी गेली. पण नेमकी ही दोन खेडी ह्वीचौच्या व्यापाऱ्यांची आहेत, आणि तिथे येणाऱ्याला ती 'ह्वांगशान'ची म्हणून दाखवली जातात, हे खटकण्यासारखेच आहे.

असा नामबदल करणारे हे एकटे नव्हते. क्वान तालुक्याचे १९८८ मध्ये तूच्यांगयान झाले, छोंगआनचे १९८९ मध्ये वूयीशान, दायोंगचे १९९४ मध्ये चांगच्याच्ये, आणि २००१ मध्ये चोंगत्येनला शांग्रिला हे नाव मिळाले. तरीही ह्वीचौवरचा वाद सर्वांत चिवट ठरला, कारण तिथे गेलेले नाव प्रांताच्या नावाचा अर्धा भाग होते. २०१० मध्ये हूपै प्रांतातील श्यांगफान शहराला त्याचे जुने श्यांगयांग हे नाव परत मिळाले, तेव्हा ह्वीचौवाल्यांना उदाहरण सापडले. २०१६ च्या वसंतात ही मागणी वर्तमानपत्रांतून आणि समाजमाध्यमांतून पुन्हा जोरात उठली. विरोधी बाजूने खर्चाचा मुद्दा आला. क्वांगतुंग प्रांतातले हुइचौ वेगळ्या सुराने उच्चारले जात असले तरी परक्याला ते ह्वीचौसारखेच ऐकू येते, म्हणून गोंधळ वाढेल, असेही म्हटले गेले. थायपिंगकरांचा प्रश्न सर्वांत रास्त होता : आम्ही ह्वीचौचे नव्हतोच, मग आम्हाला परत कोणत्या नावाकडे नेणार? नाव बदलले नाही.

सहा तालुके त्याआधीच कागदावर एकत्र आले होते, पण वेगळ्या मार्गाने. २००८ मध्ये ह्वीचौ सांस्कृतिक परिसर संरक्षणाचे प्रायोगिक क्षेत्र जाहीर झाले, तेव्हा त्यात ह्वांगशान शहराबरोबर आंह्वीतील चीशी आणि च्यांगशीतील वूयुआन घेतले गेले. या क्षेत्राला महसूल नाही आणि त्याचे कार्यालय कोणाला दाखले देत नाही, तरी वास्तू, लोककला आणि बोली यांच्या कामासाठी १९३४ पूर्वीचे सहा तालुके सरकारी कागदात पुन्हा एका हद्दीत आले.

नदीची हद्द मात्र पैशांत मोजली जाऊ लागली आहे. २०१२ पासून शे तालुक्यातील च्येखौ येथे, प्रांताच्या सीमेवर, शिनआनच्या पाण्याची तपासणी होते. पहिल्या तीन वर्षांच्या करारानुसार पाणी ठरलेल्या दर्जाचे निघाले, तर चच्यांगने आंह्वीला वर्षाला १० कोटी युआन द्यायचे आणि दर्जा घसरला तर आंह्वीने तेवढेच चच्यांगला. त्याशिवाय केंद्राकडून आंह्वीला ३० कोटी मिळत. चहाच्या मळ्यांतले खत, मासेपालनाचे पिंजरे, गावोगावचा कचरा यांचा हिशेब त्या एका जागी लागतो. श्यौनिंग, यी, शे आणि थुनशी यांच्याबरोबर श्वानछंगच्या हद्दीत गेलेल्या चीशीचेही पाणी तिथूनच पुढे जाते.