स्प्रिंग बसते, पण मऊ पडत नाही

जुनी स्पोर्ट्स कार खड्ड्यातून निघाली की दोन-तीनदा डोलते, वळणावर कलते, पुढून खाली टेकल्यासारखी दिसते. मग निदान ठरलेलं: ‘स्प्रिंगा मऊ पडल्या, कडक टाका.’ यात दोन दुखणी एकत्र झालेली असतात. वर्षानुवर्षं भार सोसून स्प्रिंग बसते, म्हणजे तिची उंची कमी होते. तिचा कडकपणा मात्र तारेची जाडी, वेढ्याचा व्यास, मोकळ्या वेढ्यांची संख्या आणि पोलादाचा गुणधर्म यांवर ठरतो, आणि गंजाने तार खाल्ली नसेल तर यातलं काहीच बदलत नाही. डोलणं थांबवणं हे शॉक अ‍ॅब्सॉर्बरचं काम. गाडी बसली असेल तर स्प्रिंग बघा, डोलत असेल तर शॉक अ‍ॅब्सॉर्बर.

नवी स्प्रिंग घेताना तारेच्या जाडीकडे नीट बघा. कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १२ मिमीऐवजी १३ मिमी तार घेतली की स्प्रिंग सुमारे ३८ टक्के कडक होते. गाडी खाली आणायला वेढा कापण्याची युक्तीही अशीच फसवी आहे: आठ मोकळ्या वेढ्यांतला एक गेला की कडकपणा १४ टक्के वाढतो आणि कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही.

स्प्रिंगवर छापलेला आकडा चाकाला जसाच्या तसा लागू होत नाही. स्प्रिंग काढून ठेवा, चाक जॅकने ५० मिमी वर उचला आणि स्प्रिंगच्या दोन बैठकांमधलं अंतर किती कमी झालं ते मोजा. ३० मिमी झालं, तर गुणोत्तर ०.६, चाकापाशी जाणवणारा कडकपणा त्याच्या वर्गाने, म्हणजे ०.३६ ने गुणून येतो. समजा त्या चाकावर बॉडीचा २२० किलो भार आहे आणि चाकापाशी कडकपणा मिलिमीटरला १७ न्यूटन हवा. मग स्प्रिंग मिलिमीटरला सुमारे ४७ न्यूटनची लागेल आणि गाडी सेकंदाला १.४ वेळा वरखाली होईल. रस्त्यावर चालवायच्या गाडीला १.२ ते १.५ पुरे. त्याहून कडक स्प्रिंगा टाकल्या तर जुनी, लवचीक चासी स्वतःच पिळवटते आणि चाक रस्त्याला चिकटून राहण्याऐवजी उड्या मारतं.

स्प्रिंग ठरल्याशिवाय शॉक अ‍ॅब्सॉर्बर निवडू नका. वरच्या उदाहरणात डोलणं एकही हेलकावा न घेता थांबवायचं तर चाकापाशी दर मीटर प्रति सेकंद वेगाला सुमारे ३९०० न्यूटन अवरोध लागेल. रस्त्यासाठी त्याच्या २५ ते ३० टक्के ठेवतात. स्प्रिंग दुप्पट कडक केली तर अवरोध १.४ पट लागतो, दुप्पट नाही. उलटताना, म्हणजे चाक खाली जाताना, अवरोध जास्त हवा. पण तो फारच वाढवला तर खडबडीत रस्त्यावर चाक खाली येईपर्यंत पुढचा उंचवटा येतो आणि गाडी हळूहळू खाली दबत जाते.

१९६२ ते १९८० दरम्यान बनलेल्या एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या गाड्यांत पुढचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर हातवाला (लिव्हर-आर्म) असतो आणि तोच हात वरची विशबोन, म्हणजे चाकाला चासीशी जोडणारा वरचा दांडा असतो. त्यामुळे तिथे गळती म्हणजे नुसतं तेल टॉप-अप करून सोडून देण्याची बाब नव्हे. आतल्या शाफ्टचा खेळ वाढला की चाकाचा कॅम्बर, म्हणजे आत-बाहेर कलण्याचा कोनही हलतो. नळीचा शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवायचा असेल तर स्प्रिंग न लावता चाक बंप स्टॉपपर्यंत, म्हणजे चाकाची वरची चाल अडवणाऱ्या रबरापर्यंत, उचलून बघा. तेव्हाही शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये १० मिमी तरी चाल उरली पाहिजे, नाहीतर प्रत्येक मोठा दणका त्याच्या बुडावर आणि ब्रॅकेटवर बसेल. वायूभरल्या प्रकारात आणखी एक मेख: १२ मिमी रॉड आणि २० बार दाब असेल तर तो एकटाच २२५ न्यूटन ढकलतो आणि आपल्या उदाहरणात गाडी सुमारे ८ मिमी वर उचलतो.

स्प्रिंग काढताना नेहमी योग्य कॉम्प्रेसर वापरा; दाबलेली स्प्रिंग सुटली तर जीव जाऊ शकतो. सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट मात्र गाडी जमिनीवर उतरल्यावर आणि थोडी हलवून घेतल्यावरच आवळा. चाक लटकत असताना आवळले, तर गाडी उतरताच रबर पिळलं जातं. गाडी उगाच उंच राहते आणि बुश काही महिन्यांत फाटतं. नव्या स्प्रिंगा दोन-तीनशे किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून उंची आणि चाकांचं अलाइनमेंट तेव्हा तपासा, बसवल्या दिवशी नाही.