पार्श्वभूमी : खासगी पत्ते १९९६ ला मिळाले, खासगी नाव २०२४ ला

नांदेड-परभणीच्या कॉलेजांतल्या लॅब, लातूरचे क्लासेस, वाळूज-शेंद्र्याचे छोटे कारखाने, तालुक्याच्या गावातल्या पतसंस्था. यांपैकी कुठलाही लिनक्सवरचा स्थानिक डीएनएस-डीएचसीपी सर्व्हर (डीएनएस नावावरून मशिनचा पत्ता सांगतो, डीएचसीपी मशिनना पत्ते वाटतो) उघडला, की डोमेनच्या ओळीत हमखास भेटणारे नाव म्हणजे डॉट लोकल (.local), आतल्या मशिनच्या नावांमागे लागणारे शेपूट. ते कुणी आणि का ठरवले, हे विचारले तर तिथे सांगणारे कुणी उरलेले नसते. जुना डीएचसीपी सर्व्हर काढून कीया हा नवा सर्व्हर बसवायचे काम सध्या ठिकठिकाणी निघाले आहे. त्या निमित्ताने हे नावही बदलायचे का, असा प्रश्न पुढे येतो. बदलावे, असे माझे स्पष्ट मत आहे आणि त्यामागचा इतिहास मांडण्यासारखा आहे.

दूरचा भाग थोडक्यात. मशिनची नावे आणि पत्ते यांची यादी पूर्वी कॅलिफोर्नियातल्या एका केंद्रात एकाच फाइलमध्ये असे आणि सगळे तिथून उतरवून घेत. नोव्हेंबर १९८३ मध्ये डीएनएसचा पहिला मसुदा आला, नोव्हेंबर १९८७ मध्ये आजचा पाया. पत्ते वाटण्यासाठी १९८५ चा बूटपी होता. त्यात अमुक मशिनला अमुक पत्ता हे आधीच लिहून ठेवावे लागे. ऑक्टोबर १९९३ मध्ये डीएचसीपी आला, त्याने मुदतीवर पत्ता द्यायची सोय केली, म्हणजे लीज. १९९७ मध्ये त्याला आजचे रूप मिळाले.

याच काळात एक मोठा निर्णय झाला. कुणालाही न विचारता आत वापरता येतील असे पत्ते, म्हणजे १०, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८ हे गट, मार्च १९९४ मध्ये बाजूला काढले गेले. जुलै १९९४ मध्ये त्याला लेखी विरोधही झाला. सगळे जण तेच आकडे वापरू लागले तर दोन जाळी जोडताना भांडण होणार, हा विरोधकांचा मुद्दा. तो खराच होता. घरचा राउटर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१ असले की व्हीपीएन (घरून ऑफिसच्या जाळ्यात जायची सुरक्षित वाट) जोडूनही ऑफिसचा सर्व्हर का दिसत नाही, हे आजही आपल्याला समजावून सांगावे लागते. तरी फेब्रुवारी १९९६ मध्ये वाद मिटला आणि पत्त्यांची सोय पक्की झाली. नावांची मात्र झाली नाही. जून १९९९ मध्ये टेस्ट, एक्झाम्पल, इनव्हॅलिड आणि लोकलहोस्ट अशी चार नावे राखून ठेवली, पण ऑफिसच्या आतल्या जाळ्यासाठी त्यात एकही नव्हते. पुढच्या सगळ्या गोंधळाचे मूळ इथे आहे.

आपल्याकडे हा विषय खऱ्या अर्थाने आला तो २००५ नंतर. २५६ केबीपीएसची ब्रॉडबँड लाईन मिळू लागली आणि एका लाईनवर तीस-चाळीस मशिनची लॅब चालवायची वेळ आली. तोवर पत्ते हातानेच टाकत. पहिल्या मशिनला १९२.१६८.१.१०१, दुसऱ्याला १०२, कॅबिनेटवर चिठ्ठी आणि लॅब असिस्टंटच्या कपाटात वही. फॉरमॅट केलेल्या मशिनला कुणी वही न बघता पत्ता टाकला, की दुसऱ्या रांगेतल्या पडद्यावर आयपी कॉन्फ्लिक्टचा फुगा यायचा. डीएचसीपीने ती वही संपवली. डीएनएस लॅबमध्ये आणला तो वेगळ्या गरजेतून. निकालाच्या दिवशी सगळी मुले एकच साइट उघडत आणि लाईन तुंबलेली असे. नाव विचारायला प्रत्येक वेळी बाहेर जाण्यापेक्षा उत्तर लॅबमधल्याच कॅशमधून, म्हणजे आधीच्या उत्तरांच्या साठ्यातून, मिळणे फार मोलाचे होते.

भारनियमनाच्या त्या वर्षांत सर्व्हरची परीक्षा व्हायची ती लाईट आल्यावर. सगळी लॅब एकदम सुरू होई आणि सर्व्हर उठायला सगळ्यांत जास्त वेळ घेई. तोवर विंडोजची मशिन १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता स्वतःच घेऊन बसत आणि मग दर पाच मिनिटांनी पुन्हा विचारून पाहत. लॅब सुरू, नेट नाही, आणि काही न करता पाच मिनिटांनी नेट आले, याचे उत्तर ते होते. सीमॉसची (बंद मशिनचे घड्याळ चालू ठेवणारी) बॅटरी गेलेल्या जुन्या मशिनचा सर्व्हर केला असेल तर त्रास आणखी खोल जाई. घड्याळ कित्येक वर्षे मागे गेल्यावर सर्व्हरला कुठलीच लीज संपलेली दिसत नाही. पुढे बाइंड या डीएनएस सर्व्हरमध्ये डीएनएसेकची, म्हणजे उत्तर खरे आहे का हे सह्यांवरून पाहण्याची, पडताळणी मुळातच चालू येऊ लागली, तेव्हा चुकीच्या तारखेमुळे सह्या जुळेनात आणि बाहेरची नावे सापडेनाशी झाली. घड्याळ दुरुस्त करायला टाइम सर्व्हर हवा, त्याचे नाव शोधायला डीएनएस हवा. म्हणून अशा ठिकाणी टाइम सर्व्हरचा पत्ता आकड्यांतच लिहून ठेवत, आणि ती सवय अजूनही चांगली आहे.

आता डॉट लोकल. विंडोजच्या छोट्या ऑफिसांसाठीच्या २००३ च्या सर्व्हर आवृत्तीत विझार्ड (पायरीपायरीने मांडणी करून देणारा प्रोग्राम) डोमेनचे नाव सुचवायचा, त्यापुढे डॉट लोकल लावलेलेच असे. लोक नेक्स्ट दाबत. त्याच काळात लिनक्सवरच्या असंख्य मार्गदर्शिकांनी तेच नाव उचलले आणि त्या मार्गदर्शिकांवरून आपल्या लॅब उभ्या राहिल्या. पण २००२ मध्येच ॲपलच्या मॅक संगणकांच्या नव्या प्रणालीने हेच नाव वेगळ्या कामासाठी घेतले होते. सर्व्हर नसताना शेजारच्या मशिननी एकमेकांना थेट हाक मारायची, २२४.०.०.२५१ या सामायिक पत्त्यावर, ५३५३ या पोर्टवर. याला एमडीएनएस म्हणतात. लिनक्सवर तेच काम अवाही नावाचा प्रोग्राम करू लागला आणि तो उबुंटू या लिनक्सच्या प्रकारासोबत मुळातच येऊ लागला.

मग लॅबमध्ये असे दिसायचे. परीक्षेच्या सर्व्हरला एक्झाम डॉट लोकल असे नाव दिलेले आहे. उबुंटूच्या मशिनवर डिग या डीएनएस तपासायच्या साधनाने विचारले तर पत्ता बरोबर येतो. एनएसलुकअप हे तसलेच साधनही बरोबर सांगते. पिंग (मशिन उत्तर देते का ते पाहणारी आज्ञा) मात्र म्हणतो, असे नावच नाही, आणि ब्राउझरमध्येही साइट उघडत नाही. केबल तपासा, स्विच बदला, बाइंड पुन्हा सुरू करा, काहीच फरक नाही. खरे कारण नाव कुठे कुठे शोधायचे ते सांगणाऱ्या एनएसस्विच नावाच्या फाइलमधल्या होस्ट्सच्या एका ओळीत असते. तिथे आधी फाइल्स, मग एमडीएनएस, आणि त्याच्या पुढे चौकटी कंसात सूचना असते की इथे सापडले नाही तर परत फिरा. डीएनएस त्याच्याही पुढे लिहिलेला असतो, पण डॉट लोकलचे नाव तिथवर पोहोचतच नाही. डिग आणि एनएसलुकअप ही फाइल न बघता थेट सर्व्हरला विचारतात, म्हणून ते खरे सांगत असूनही दिशाभूल करतात. उबुंटूने यावर एक तोडगा बसवला होता. जाळ्यातला डीएनएस डॉट लोकलला जबाबदार आहे असे दिसले, की अवाही स्वतःहून बंद व्हायचा आणि पडद्यावर तशी सूचना यायची. त्यात नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप सापडणे बंद पडायचे.

फेब्रुवारी २०१३ मध्ये डॉट लोकल अधिकृतपणे एमडीएनएसला मिळाले. लाखो ऑफिसांनी आधीच वापरलेले नाव प्रमाणाने, म्हणजे इंटरनेटच्या नियम ठरवणाऱ्या दस्तऐवजाने, असे घेणे योग्य होते का, यावर दोन्ही बाजूंनी बरेच बोलले गेले आहे. माझ्या मते मोठी चूक प्रमाणाची नव्हे, विझार्डची आहे. राखून न ठेवलेले नाव आयते भरून देणे म्हणजे पुढच्या माणसावर ओझे टाकणे होते. गंमत म्हणजे त्याच २०१३ च्या दस्तऐवजाच्या परिशिष्टात इंट्रानेट, इंटर्नल, प्रायव्हेट, कॉर्प, होम आणि लॅन ही नावे लोक आत वापरतात असा उल्लेख आहे. ते वाचून अनेकांनी त्यांतले एक घेतले, पण तेव्हा त्यांतले एकही राखीव नव्हते.

राखीव नसलेल्या नावाचे काय होते ते डॉट डेव्हने दाखवले. वेब डिझाइन शिकणारी मुले सरावाच्या साइटला तेच नाव द्यायची. ते नाव विकले गेले आणि डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमने त्यावर एचटीटीपीएस (प्रमाणपत्र लागणारी सुरक्षित जोडणी) सक्तीचे केले, तेव्हा मशिनमधल्याच साइट उघडेनात. फेब्रुवारी २०१८ मध्ये होम, कॉर्प आणि मेल ही तीन नावे कुणालाच द्यायची नाहीत असे ठरले, कारण रूट सर्व्हरवर, म्हणजे डीएनएसच्या सर्वांत वरच्या सर्व्हरवर, आतल्या जाळ्यांतून चुकून येणाऱ्या विचारणा फार होत्या. मे २०१८ मध्ये घरगुती जाळ्यांना होम डॉट आर्पा मिळाले. शेवटी जुलै २०२४ मध्ये डॉट इंटर्नल कायमचे खासगी वापरासाठी ठेवण्यात आले. पत्त्यांनंतर अठ्ठावीस वर्षांनी.

तरी कॉलेजला मी डॉट इंटर्नल सुचवणार नाही. खासगी नावांना जाहीर विश्वासाचे, म्हणजे ब्राउझर आपोआप मानतात असे, प्रमाणपत्र देणे नोव्हेंबर २०१५ पासून बंद आहे. म्हणजे आतल्या प्रत्येक साइटसाठी स्वतःचे मूळ प्रमाणपत्र बनवून ते प्रत्येक मशिनवर आणि मुलांच्या मोबाइलवर टाकत बसावे लागते. कॉलेजचे स्वतःचे डोमेन असतेच. त्याच्याखाली लॅब नावाचे उपडोमेन काढावे आणि ते फक्त आतल्या सर्व्हरवर ठेवावे. बाहेरच्या झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या जाहीर नोंदींत, पडताळणीची एक टीएक्सटी (मजकुराची) नोंद घातली की मोफत प्रमाणपत्र मिळते. २०१८ पासून वाइल्डकार्डही (सगळ्या उपनावांना एकच चालणारे) मिळते. हे नाव उद्या दुसऱ्या कुणाचे होण्याची भीती नाही, डोमेनचे नूतनीकरण वेळेवर केले म्हणजे झाले.

सॉफ्टवेअरचे सांगायचे तर जुन्या डीएचसीपी सर्व्हरची देखभाल २०२२ च्या अखेरीस थांबली. रेड हॅट लिनक्सच्या १० व्या आवृत्तीत तो नाहीच, कीया आहे. कीयाचे कॉन्फिगरेशन जेसन नावाच्या मांडणीत लिहायचे असते आणि डीएनएसमध्ये नावे भरायचे काम त्यात वेगळी प्रक्रिया करते. चाळीस-पन्नास मशिनच्या लॅबला एवढे लागत नाही. डीएनएसमास्क या छोट्या सर्व्हरमध्ये दोन्ही कामे एकाच फाइलमध्ये होतात. जानेवारी २०२१ मध्ये त्यात सात त्रुटी जाहीर झाल्या होत्या, म्हणून जुनी आवृत्ती तेवढी ठेवू नये. मोबाइलना मॅक पत्त्यावरून (यंत्राच्या नेटवर्कवरच्या ओळख क्रमांकावरून) ठरावीक आयपी देण्याची पद्धत मात्र आता चालत नाही. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनवलेला मॅक दाखवतात.

नाव बदलायचे ठरले तर आठवडाभर आधी लीजची मुदत तासाभरावर आणावी, म्हणजे नवे डोमेन सगळ्या मशिनना लवकर कळेल. जुने आणि नवे दोन्ही झोन काही महिने शेजारी चालू द्यावेत आणि जुन्या नावाने कोण विचारते ते लॉगमध्ये पाहत राहावे. मशिनची नावे पहिल्या आठवड्यात थांबतात. प्रिंटर, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर आणि बायोमेट्रिक हजेरीचे यंत्र यांत जुने नाव कधीतरी हाताने टाकलेले असते, ते सगळ्यांत शेवटी सापडते.