भाजीपाल्यातील तण आणि लेझर: किरण आधी आला, नजर नंतर

कांद्याची पात सरळ वर जाते, जमिनीवर सावली धरत नाही. त्यामुळे वाफ्यातल्या तणाला काढणीपर्यंत ऊन मिळत राहते. गाजराचे रोपही सुरुवातीला इतके नाजूक असते की तण त्याला सहज दाबून टाकते. दोन ओळींमध्ये कोळपे चालते. ओळीतल्या दोन रोपांमधले तण मात्र हातानेच काढावे लागते. या कामाने किती पाठी मोडल्या, हे आधी सांगायला हवे. कॅलिफोर्नियातल्या भाजीपाल्याच्या शेतांवर मजुरांना आखूड दांड्याचे खुरपे वापरायला लावत, म्हणजे दिवसभर कंबरेत वाकून राहायचे. दीर्घ लढ्यानंतर १९७५ मध्ये त्यावर बंदी आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर २,४-डी आले आणि रासायनिक तणनाशकांचे युग सुरू झाले. भाजीपाल्याच्या वाट्याला त्यातले थोडेच आले. २,४-डी रुंद पानांची झाडे मारते, आणि बहुतेक भाज्या रुंद पानांच्याच. शिवाय एकेका भाजीचे क्षेत्र लहान, त्यामुळे तिच्यासाठी वेगळे औषध काढणे कंपन्यांना परवडत नाही. त्यातच १९६८ मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातील एका रोपवाटिकेत सिमाझिन या तणनाशकाला न जुमानणारे तण सापडले. तणही औषध पचवते, हे तेव्हापासून डोळ्यांआड करता येईना.

लेझर तोवर जन्मला होता. थिओडोर मेमन यांनी १९६० मध्ये पहिला लेझर चालवला. १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत कुमार पटेल यांनी कार्बन डायऑक्साइड लेझर तयार केला. त्याचा अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा किरण पाणी झटकन शोषून घेते. कोवळे तण म्हणजे बहुतांशी पाणीच! पेशींतले पाणी क्षणात तापते, उकळते आणि पेशी फुटतात. १९७० च्या दशकात अमेरिकेत जलपर्णीवर हा किरण टाकून पाहिला गेला.

२००१ च्या सुमारास डेन्मार्कमधल्या संशोधकांनी लेझरने तणाचे खोड कापून पाहिले. काप वाढीच्या कोंबाच्या वर गेला, की तण पुन्हा फुटे. पुढच्या प्रयोगांत म्हणून थेट कोंबावरच नेम धरला गेला. पण रोप कोणते आणि तण कोणते, हे चालत्या यंत्राला सांगणार कोण? माझ्या मते हे तंत्र इतकी वर्षे अडले ते इथेच. २०१२ नंतर डीप लर्निंगने, म्हणजे असंख्य छायाचित्रे दाखवून संगणकाला ओळखायला शिकवण्याच्या तंत्राने, कॅमेऱ्याला ती ओळख दिली. अमेरिकेतल्या सिएटलच्या कार्बन रोबोटिक्स या कंपनीने २०२२ मध्ये ट्रॅक्टरला जोडायचे, प्रत्येकी १५० वॅटचे ३० लेझर असलेले यंत्र आणले.

किरण माती हलवत नाही, त्यामुळे खोल दडलेले बी वर येऊन उगवत नाही; खुरपणीत ते हटकून होते. मात्र तण दोन-चार पानांचे असतानाच गाठावे लागते. गवतवर्गीय तणांचा कोंब जमिनीलगत किंवा जमिनीखाली असतो, म्हणून ती चिवट ठरतात. लव्हाळ्याच्या गाठींपर्यंत तर किरण पोहोचतच नाही. वरचे पान जळाले तरी गाठीतून नवा कोंब येतो.