पिसाच्या नळीतलं बिऱ्हाड

कोंबडीच्या अंगावर काही वळवळलं की सरसकट 'पिसवा झाल्या' म्हटलं जातं. पण पिसू, ऊ आणि माइट हे तीन अगदी वेगळे जीव आहेत. माइट तर कीटकही नाही. तो कोळी आणि गोचिडाच्या नात्यातला. सिरिंगोफिलिडी या कुळातले माइट पिसाच्या बुडाशी असलेल्या पोकळ नळीतच जन्मतात, वाढतात आणि वीण घालतात. आतापर्यंत त्यांच्या सुमारे ४०० जातींची नोंद झाली आहे. कोंबडीवरची जात म्हणजे सिरिंगोफिलस बायपेक्टिनॅटस. हेलर यांनी १८८० मध्ये तिचं वर्णन केलं.

वाढत्या पिसाची नळी रक्त खेळणाऱ्या गराने भरलेली असते. पीस पुरतं वाढलं की गर शोषला जातो आणि नळी रिकामी होते. नळी संपून पिसाचा दांडा सुरू होतो, तिथे खालच्या अंगाला एक बारीकसं छिद्र असतं. फलित मादी त्यातून आत शिरते आणि अंडी घालते. अंड्यातून सहा पायांची पिल्लं निघतात, पुढच्या अवस्थेत पाय आठ होतात. पूर्ण वाढलेला माइट जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर लांब, अंगाने निमुळता. नर मोजके, माद्याच जास्त. मीलन नळीतच उरकतं आणि फलित माद्या बाहेर पडून नव्याने फुटणारं पीस गाठतात. त्याआधीच जुनं पीस झडलं तर आतली सगळी वसाहत संपते. घरट्यात आईबाप पक्ष्यांच्या अंगावरून त्या पक्ष्याच्या पिल्लांवरही जातात.

त्यांचं खाणं मात्र नळीत नसतं! सुईसारखे जबडे नळीच्या भिंतीतून आरपार खुपसून ते बाहेरच्या जिवंत पेशींमधला द्रव ओढतात. म्हणून कोणत्या पिसात राहायचं हे भिंतीची जाडी ठरवते. चिमणीएवढ्या पक्ष्याच्या पंखाची पिसं त्यांना चालतात. मोठ्या पक्ष्याच्या उड्डाणपिसांची भिंत जाड, तिथे सुई पोचत नाही आणि अंगावरची लहान पिसंच सोयीची पडतात. सगळेच नळीवासी असा द्रव ओढणारे नाहीत. काही माइट आतला वाळलेला गर कुरतडतात, तर चेलेटिडी कुळातले काही इतर माइटना मारून खातात.

पाहायचं असेल तर गावठी कोंबडीचं नळीसकट निघालेलं पीस घ्या. मेलेल्या रानपक्ष्याला हात लावू नका. पीस उजेडासमोर धरा: निरोगी नळी स्वच्छ, अर्धपारदर्शक दिसते, लागण असेल तर आत धुरकट, भुकटीसारखा ऐवज दिसतो. ब्लेडने नळी उभी चिरून भिंगाखाली धरली की अंडी, रिकाम्या काती आणि माइट एकत्रच सापडतात. नमुना ठेवायचा तर ७० टक्के अल्कोहोलमध्ये.

लागण वाढली की पिसं मोडतात, गळतात आणि कातडीत भुकटीने भरलेले खुंट उरतात. पावडर किंवा फवारा नळीच्या आत पोचत नाही, त्यामुळे लाल माइटवरचे (कोंबडीचं रक्त पिणाऱ्या दुसऱ्या एका माइटवरचे) उपाय इथे तोकडे पडतात. बाधित पक्षी वेगळा ठेवा, गळलेली पिसं रोज गोळा करून जाळा. आयव्हरमेक्टिनसारखं औषध पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय देऊ नका. त्याचा अंश अंड्यात उतरतो.