रक्त मोजणारी पिशवी आणि आरोग्याचे अंदाजपत्रक

बाळंतपणानंतर बाईचे किती रक्त गेले हे आपल्याकडच्या सुइणी आणि नर्सबाई पिढ्यानपिढ्या डोळ्यांच्या अंदाजानेच सांगत आल्या. लुगडे कितपत भिजले, खाली अंथरलेली गोधडी नुसती डागाळली की पिळण्याइतकी ओली झाली, यावरून बाई ठीक आहे की तिला तालुक्याला न्यायला हवे हे ठरायचे. हा अंदाज बहुतेक वेळा कमी भरतो, आणि जितके रक्त जास्त गेलेले असते तितका तो अधिक चुकतो. सप्टेंबर २००२ ते डिसेंबर २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीत झालेल्या एका चाचणीत या अंदाजाची जागा प्लास्टिकच्या एका पिशवीने घेतली. बाळ बाहेर आले की बाळंतिणीच्या कमरेखाली सरकवायची ही पारदर्शक पिशवी खाली निमुळती होत जाते आणि तिच्यावर मिलिलिटरच्या खुणा असतात. रक्त ५०० च्या खुणेला पोचले की त्याला वैद्यकशास्त्र प्रसूतिपश्चात रक्तस्राव म्हणते.

ती चाचणी मुळात एका गोळीची होती. रक्तस्राव रोखण्यासाठी सर्वमान्य औषध ऑक्सिटोसिन हे आहे. पण ते इंजेक्शन असते, त्याला २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते आणि ते टोचायला शिकलेला हात लागतो. वीज जाते-येते अशा उपकेंद्रात या तिन्ही गोष्टी एकाच रात्री जुळून येतीलच याची खात्री नसते. मिसोप्रोस्टॉल ही गोळी मात्र फ्रीजशिवाय राहते आणि तोंडाने घेता येते. बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकी सहकाऱ्यांसोबत १,६२० बाळंतिणींवर ती तपासली. निम्म्या बायकांना ६०० मायक्रोग्रॅमची खरी मात्रा दिली, निम्म्यांना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. आणि गोळी देण्याचे व रक्त मोजण्याचे काम गावोगावच्या २५ एएनएम सिस्टरनी केले. निष्क्रिय गोळी घेतलेल्यांपैकी १२ टक्के बायकांना रक्तस्राव झाला, खरी गोळी घेतलेल्यांपैकी ६.४ टक्के बायकांना. गोळीने काहींना तात्पुरती थंडी वाजली आणि ताप आला, पण तो उतरला. निष्कर्ष २००६ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले आणि २०११ साली जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या आपल्या यादीत या उपयोगासाठी ही गोळी घेतली.

आता हाच निष्कर्ष जमाखर्च लिहिणाऱ्याच्या बाजूने वाचून पाहू. १२ मधून ६.४ वजा केले की ५.६ उरतात, म्हणजे १०० बायकांना गोळी दिली तर ५.६ रक्तस्राव टळतात. १०० ला ५.६ ने भागले की सुमारे १८ येतात. अठरा बायकांना गोळी दिली की एकीचा रक्तस्राव टळतो. या अठराला एका मात्रेच्या खर्चाने गुणले की एक रक्तस्राव टाळण्याची किंमत हाती येते, आणि तीच रक्कम रक्ताच्या बाटलीवर, रुग्णवाहिकेच्या डिझेलवर किंवा गोवराच्या लशीवर खर्च केली असती तर काय पदरात पडले असते, हा प्रश्न विचारता येतो. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. गरीब देशांच्या आरोग्य खात्यांपुढचा खरा पेच हाच आहे. औषध चांगले आहे की नाही, याचे उत्तर बहुधा ठाऊक असते. त्या औषधासाठी दुसरे काय सोडून द्यावे लागेल, हे मात्र कुणी सांगत नाही.

तुलना करायची तर वेगवेगळ्या आजारांना एक समान माप हवे. रक्तस्रावाने दगावलेली पंचविशीतली बाई, हगवणीने गेलेले दोन वर्षांचे मूल आणि मधुमेहाने दृष्टी गमावलेला साठीतला माणूस यांना एका तागडीत कसे घालायचे? १९९३ साली जागतिक बँकेच्या वार्षिक विकास अहवालाने यासाठी ‘डॅली’ हे माप प्रचारात आणले. अकाली मृत्यूने जितकी वर्षे हुकली ती, अधिक आजारात किंवा अपंगत्वात काढलेली वर्षे त्या त्रासाच्या तीव्रतेप्रमाणे कमी-अधिक वजन देऊन मोजलेली, अशी ही बेरीज आहे. एक डॅली टळला म्हणजे निरोगी आयुष्याचे एक वर्ष वाचले. माप ओबडधोबड आहे, आणि आंधळेपणाला किती वजन द्यायचे हे कोण ठरवणार, यावर तेव्हापासून वाद आहेत. पण त्याला पर्याय म्हणून जे चालत आले ते याहून बरे होते असे मला वाटत नाही. मागच्या वर्षीच्या आकड्यावर थोडी वाढ द्यायची, ज्या इमारतीचे उद्घाटन होऊ शकते तिला आधी पैसे द्यायचे आणि ज्याचा आवाज मोठा त्याचे ऐकायचे, ही ती रीत.

या रीतीऐवजी दुसरे काही केले तर काय घडते, याचे सर्वांत बोलके उदाहरण टांझानियाचे आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथल्या आरोग्य मंत्रालयाने कॅनडाच्या मदतीने मोरोगोरो आणि रुफिजी या दोन ग्रामीण जिल्ह्यांत एक प्रयोग केला. दोन्ही मिळून लोकसंख्या सुमारे ७ लाख. देशात माणशी वर्षाला आरोग्यावर जेमतेम ८ डॉलर खर्च होत होते. बहुतेक माणसे घरीच मरत आणि दवाखान्याच्या नोंदवहीत त्यांचा पत्ताच नसे. म्हणून सर्वेक्षक सायकली घेऊन दारोदार गेले, घरात कोण गेले, जाण्याआधी ताप होता का, धाप लागली होती का, असे विचारून मृत्यूंची कारणे जुळवू लागले. ही माहिती जिल्ह्याच्या अंदाजपत्रकाशेजारी ठेवली तेव्हा विसंगती उघडी पडली. मोरोगोरोत हुकलेल्या आयुष्यवर्षांपैकी ३० टक्के वर्षे एकट्या मलेरियाने नेली होती आणि १९९६ च्या अंदाजपत्रकात मलेरियाच्या वाट्याला ५ टक्के रक्कम होती. न्यूमोनिया, हगवण, कुपोषण, गोवर या लहान मुलांच्या आजारांचीही तीच गत होती: ओझे २८ टक्के, पैसा १३ टक्के.

यात कुणाची लबाडी नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवे. जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला दिसत होते ते दवाखान्यात येणारे रुग्ण. न आलेले मूल त्याच्या कागदावर कधी उमटलेच नव्हते. हे आकडे समोर आल्यावर अधिकाऱ्यांनी स्वतःच पैसा हलवला. कीटकनाशक लावलेल्या मच्छरदाण्यांवर भर दिला आणि आजारी मुलाला एकेका रोगाने न तपासता एकत्रित तपासण्याचे प्रशिक्षण आरोग्य कर्मचाऱ्यांना दिले. प्रकल्पाने माणशी २ डॉलरपर्यंत जादा पैसे देऊ केले होते, पण जिल्ह्यांना त्यातले सरासरी ८० सेंटच नीट खर्च करता आले. पुढच्या पाचेक वर्षांत तिथला बालमृत्युदर सुमारे ४० टक्क्यांनी उतरला. सगळे श्रेय अंदाजपत्रकाला देणे भाबडेपणाचे होईल. तरी पैसा कमी आहे, या एकाच वाक्यावर थांबणाऱ्यांनी त्या ८० सेंटांकडे जरा निरखून पाहावे.

मग एका निरोगी वर्षासाठी किती खर्च वाजवी? एके काळी जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्तुळात देशाच्या दरडोई उत्पन्नाच्या एक ते तीन पट अशी ढोबळ मर्यादा सांगितली जाई. ती मानायची तर गरीब देशाला जवळजवळ प्रत्येक उपचार ‘परवडणारा’ ठरतो आणि सगळे घ्यायचे म्हटले की तिजोरी अर्ध्या वाटेतच रिकामी होते. मलावीसाठी अत्यावश्यक सेवांची यादी ठरवताना अर्थतज्ज्ञांनी हिशेब उलट्या बाजूने मांडला: जे पैसे आहेत त्यांत बसवायचे तर रेघ कुठे ओढावी लागेल? उत्तर आले, एका डॅलीमागे ६१ डॉलर. हे माणसाच्या आयुष्याचे मोल नव्हे. त्या रेषेच्या वरचे काही घेतले तर खालचे, अधिक आयुष्ये वाचवणारे काहीतरी बाहेर ढकलले जाते, एवढेच ती रेघ सांगते.

सगळेच काही या रेघेवर सोडता येत नाही. थायलंड गरीब देशांत मोडत नाही, पण त्याचे एक उदाहरण इथे उपयोगी आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्यांचे डायलिसिस हिशेबात बसत नाही असे तिथल्या अभ्यासांनी दाखवले होते. तरीही २००८ साली सरकारने ते सार्वजनिक योजनेत घेतले, कारण त्यापायी घरेच्या घरे कर्जात बुडत होती. मात्र घेताना पोटातून करायच्या डायलिसिसला प्राधान्य दिले, म्हणजे द्रावणाच्या पिशव्या रुग्णाच्या घरी पोचत्या करता येतात आणि दर दोन-तीन दिवसांनी शहराच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. कुटुंबाला दारिद्र्यापासून वाचवणे हेही आरोग्याच्या पैशाचे काम आहे, असा तो निर्णय होता. आपल्याकडे २०२३ साली महाराष्ट्र सरकारने सीमाभागातील ८६५ गावांना महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली, तिचा हेतूही मोठ्या आजाराच्या खर्चाला आधार देणे हाच होता. कर्नाटकाने हरकत घेतली आणि चर्चा सगळी पैसा कोणत्या सरकारचा यावर झाली. तो कोणत्या आजारावर आणि कोणत्या टप्प्यावर खर्च व्हावा, हा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला.

अंतराचा मुद्दा थायलंडपुरता नाही, आमच्या बेळगाव जिल्ह्याला तर तो रोजचाच आहे. निपाणी पुणे-बेंगळूर महामार्गावर आहे. तिथल्या बाईला रात्री दोन वाजता कळा सुरू झाल्या तरी गाडी मिळते आणि रस्ताही मिळतो. त्याच जिल्ह्यात खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला भीमगडच्या जंगलात आमगाव, गवाळी, कोंगळा अशी मराठी बोलणारी गावे आहेत, जिथून पावसाळ्यात आजारी माणसाला झोळीत घालून नाले ओलांडत आणावे लागते. सरकारी निकष सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ किंवा आदिवासी भागात ३,००० लोकांमागे एक उपकेंद्र असा आहे. सवलत दिलेली आहे खरी, पण काहीशे वस्तीच्या जंगलातल्या गावांसाठी ३,००० डोकी मोजायला किती डोंगर जोडावे लागतील, ते नकाशावर बोट फिरवले तरी कळते. निकष माणसे मोजतो, वाट मोजत नाही.

आणि वाटेचा खर्च सरकारी खात्यावर न पडता घरावर पडतो. कर्नाटकात आज बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, ही मोठी मजल आहे. पण जंगलातल्या घराला त्यासाठी दिवस भरत आले की बाईला तालुक्याच्या गावी पाव्हण्यांकडे आधीच आणून ठेवावे लागते. सोबत सासू किंवा आई येते, मागे शेत आणि जनावरे दुसऱ्याच्या भरवशावर राहतात. बुडालेली रोजंदारी आणि वडापचे भाडे यांचा आकडा कोणत्याच अंदाजपत्रकात नसतो, त्यामुळे कागदावर ही सेवा ‘मोफत’ दिसते. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात दवाखाना चालवणारे ज्युलियन ट्युडर हार्ट यांनी १९७१ सालीच लिहून ठेवले होते की चांगल्या उपचारांची उपलब्धता लोकांच्या गरजेच्या व्यस्त प्रमाणात असते. मागच्या वर्षी जिथे जास्त रुग्ण आले तिथे यंदा जास्त पैसे, असे वाटप केले की ही दरी दर मार्चअखेरीला थोडी रुंदावते.

पिशवीची गोष्ट पुढे आफ्रिकेत गेली. २०२३ साली केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया येथील ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतिणींवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. खुणा असलेल्या अशाच पिशवीने रक्त मोजायचे आणि खूण ओलांडताच ठरलेले सगळे उपचार एकामागून एक न करता एकदम सुरू करायचे, अशी ती पद्धत होती. तीव्र रक्तस्राव, त्यापायी करावी लागणारी पोटाची शस्त्रक्रिया किंवा रक्तस्रावाने मृत्यू, यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. नव्या औषधाचा त्यात वाटा नव्हता. औषधे जुनीच होती, ती वेळेवर मिळाली.

आता वर्षाला आठ बाळंतपणे होणारे जंगलातले एक गाव डोळ्यांसमोर आणा. बेळगावच्या चाचणीचा अठराचा आकडा धरला तर तिथे सव्वादोन वर्षांत एक रक्तस्राव टळेल. निपाणीच्या आकड्यांपुढे ही किंमत महाग दिसेल, कारण त्या आठ जणींपर्यंत सिस्टरला पोचवण्याचा खर्च तिथल्या आठशे जणींइतकाच, किंबहुना जास्त येतो. पण दवाखाना जवळ नाही म्हणूनच त्या गावात गोळीला दुसरा पर्यायही नाही. गोळ्यांच्या पाकिटाचे वजन काही ग्रॅम भरेल. जूनच्या पहिल्या आठवड्यात, तांदूळ-मिठाची बेगमी डोक्यावरून चालली असते तेव्हा, ते त्याच वाटेने आत जायला हवे, कारण नाला एकदा भरला की पुढे गणपतीपर्यंत पलीकडे काही पोचेल याची खात्री नसते.