फोर्क ऑइल : पातळी तपासणे आणि जुळवणे

मोटारसायकलच्या पुढच्या दोन शॉकअपमध्ये, म्हणजे टेलिस्कोपिक फोर्कच्या नळ्यांमध्ये भरलेले तेल. इंजिन ऑइलची काळजी सगळेच घेतात. या तेलाची आठवण मात्र बहुधा तेल अडवणारे रबरी सील गेल्यावर, पाइपवरून ओघळ आला की होते. तोवर ब्रेक दाबताना गाडीचे नाक खाली जाणे, वळणातले डुलणे, खड्ड्यातला दणका हे सगळे इतके हळूहळू वाढत जाते की रोज तीच गाडी चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

क्रोमचा चकचकीत पाइप ॲल्युमिनियमच्या बॉटम केसमध्ये खाली-वर सरकतो. आत लांब स्प्रिंग, तळाशी छिद्रांचा डॅम्पर रॉड, तेल, आणि तेलाच्या वर कोंडलेली हवा. वजन पेलते ती स्प्रिंग. तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि स्प्रिंगची उसळी आवरते. शास्त्रीय भाषेत याला अवमंदन म्हणतात. तेलाने अवमंदन करणारा टेलिस्कोपिक फोर्क बाजारातल्या गाडीवर प्रथम आला तो १९३५ मध्ये, बीएमडब्ल्यूच्या आर १२ वर. डेन्मार्कच्या निंबसने १९३४ मध्येच अशा नळ्या बसवल्या होत्या, पण त्यांत सुरुवातीला तेलाचा हा उपयोग नव्हता.

तेलाच्या दोन गोष्टी बघायच्या असतात : दाटपणा आणि पातळी. दाटपणावरून शॉकअप किती वेगाने दबेल आणि उठेल ते ठरते. डब्यावर १० डब्ल्यू, १५ डब्ल्यू असे आकडे असतात, पण एका कंपनीचे १० डब्ल्यू दुसरीच्या १० डब्ल्यूइतकेच दाट असेल याचा भरवसा नाही. ४० अंश सेल्सिअसला किती सेंटिस्टोक (दाटपणाचे एकक), हा आकडा पाहून तेल घेणे जास्त खात्रीचे. गाडीच्या पुस्तिकेत तसे सांगितलेले नसताना उरलेले इंजिन ऑइल शॉकअपमध्ये ओतण्याची सवय मात्र वाईट. ते कितीतरी दाट असते आणि लहान खड्ड्यांवर पुढचे चाक दगडासारखे आपटते.

पातळीचे काम वेगळे आहे, आणि ते फार कमी लोकांना माहीत असते. तेल वाढले की वरच्या हवेची जागा कमी होते. शॉकअप दबला की ती हवा दुसऱ्या स्प्रिंगसारखी वागते, फक्त तिचा जोर सरळ रेषेत न वाढता शेवटी शेवटी एकदम चढतो. एक ढोबळ हिशेब करू. पाइपचा बाहेरचा व्यास ३० मिमी, आतला २७ मिमी आणि शॉकअपची चाल, म्हणजे पूर्ण दबेपर्यंतचे अंतर, १२५ मिमी धरली. पूर्ण दबलेल्या अवस्थेत तेलावर १५० मिमी जागा ठेवली, तर हवा दबून निम्मी होते आणि दोन्ही बाजूंचा मिळून तिचा जोर साधारण १५ किलो भरतो. हीच जागा १०० मिमी केली, तर जोर २२ किलोच्या आसपास जातो. म्हणजे चालीच्या टोकाला सात किलोंचा फरक. अर्ध्या चालीला मात्र हाच फरक जेमतेम दीड किलोचा. म्हणून मोठ्या खड्ड्यात शॉकअप तळाला आपटत असेल, पण एरवी गाडी छान चालत असेल, तर स्प्रिंगला हात न लावता पातळी पाच-दहा मिमी चढवावी. नुसते गतिरोधकावरून जातानाच नाक खाली बसत असेल, तर दोष थकलेल्या स्प्रिंगचा. तेल वाढवून तो झाकला जात नाही. उलट फार तेल भरले तर चाल कमी होते आणि दाबाने सील फुटते. कमी भरले तर तेलात हवा मिसळून फेस होतो आणि अवमंदन जाते.

पुस्तिकेत बहुधा दोन आकडे असतात, मिलीलीटर आणि पातळी. अंतिम शब्द पातळीचाच मानावा. कारण साधे आहे. वरच्या उदाहरणातल्या पाइपात १० मिमी पातळी म्हणजे ५.७ मिली, चहाच्या चमच्याहून थोडे जास्त तेल. नळी उलटी करून कितीही निथळली तरी डॅम्परच्या खाचांत आणि भिंतींना एवढे तेल सहज चिकटून राहते. वरून पुस्तिकेतले पूर्ण माप ओतले की पातळी चढलेलीच. शिवाय डाव्या बाजूला जास्त निथळले आणि उजव्या बाजूला कमी, तर दोन्ही शॉकअप वेगवेगळे वागू लागतात. मापात पाप होते ते इथे, आणि तेही मेकॅनिकने मिलीलीटर अगदी प्रामाणिकपणे मोजलेले असताना. पातळीचा आकडा पाइपच्या वरच्या काठापासून तेलापर्यंतच्या अंतराचा असतो, हेही ध्यानात ठेवावे. आकडा लहान म्हणजे तेल जास्त.

मोजताना स्प्रिंग बाहेर, पाइप तळापर्यंत दाबलेला आणि नळी ओळंब्यात उभी हवी. गाडीवर बसवलेल्या स्थितीत मोजू नये. फोर्क तिरका असतो. कल २६ अंश धरला तर २७ मिमीच्या पाइपात तेलाची पुढची कड आणि मागची कड यांत १३ मिमीचे अंतर पडते. जुळवायचे पाच-दहा मिमी आणि चूक तेरा मिमीची, असे मोजून उपयोग काय?

गाडी डबल स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी करावे. आधी वरच्या टीचा, म्हणजे हँडलखाली दोन्ही नळ्या पकडणाऱ्या पट्टीचा बोल्ट सैल करावा, मग नळी गाडीत घट्ट असतानाच वरची कॅप पाव आटा सोडावी. नळी काढल्यावर ती धरायला काही उरत नाही. कॅपखाली स्प्रिंग दबलेली असते. शेवटचे आटे फिरवताना तोंड बाजूला ठेवावे आणि कापड धरून तळव्याने कॅप दाबून ठेवावी, नाहीतर ती उसळून डोळ्याला लागू शकते. जुने तेल राखाडी, वासाचे आणि तळाला चमचमत्या गाळाचे निघते. ते दुधासारखे पांढरट असेल तर आत पाणी शिरले आहे. नवे तेल मापापेक्षा थोडे जास्त ओतून पाइप दहा-बारा वेळा सावकाश वर-खाली करावा. सुरुवातीला हाताला पोकळ झटके लागतात. ते थांबून ओढ एकसारखी झाली की हवा निघाली. दहा मिनिटे तसेच ठेवले म्हणजे बुडबुडेही वर येतात.

आता पातळी. इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजला बारीक नळी लावावी, हव्या त्या अंतरावर नळीला पट्टीचा आडवा तुकडा बांधावा आणि तो पाइपच्या काठावर टेकवून तेल खेचावे. तेल येते, येते, आणि एकदम सुरसुर करून हवा येऊ लागते. पातळी जुळली. स्टीलच्या पट्टीने मोजण्यापेक्षा हे कितीतरी नेमके, आणि दुसऱ्या नळीलाही तेच माप आपोआप मिळते. दोन्ही बाजू सारख्याच ठेवायच्या. मात्र ज्यांच्या एकाच नळीत डॅम्पर असतो अशा काही फोर्कना दोन बाजूंना वेगळी मापे दिलेली असतात.

फोर्क न उघडताही अंदाज घेता येतो. पुढचा ब्रेक धरून हँडल जोरात दाबून सोडावे. नाक एकदा उठून स्थिरावले तर ठीक. दोन-तीनदा डुलले तर तेल पातळ झाले आहे किंवा कमी आहे. पाइपला केबल टाय बांधून एक फेरी मारली तर शॉकअप किती दबतो ते कळते.

कोकणात आणि गोव्यात खाऱ्या हवेने पाइपच्या क्रोमला बारीक गंजाचे टिपके पडतात, आणि दर फेरीला ते सीलची कड कापत राहतात. असा पाइप तसाच ठेवून नुसते सील बदलले तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा गळती. केटीएम ड्यूकसारख्या गाड्यांत फोर्क उलटा असतो, सील खाली येते, आणि गळलेले तेल थेट ब्रेकच्या पॅडवर जाते. तिथे एकही दिवस ढकलू नये.